नाव छापावे की छापू नये?

मुंबई दूरदर्शनवर पूर्वी ‘आपण यांना पाहिलंत का?’ नावाचा एक छोटासा कार्यक्रम लागत असे. ज्यांच्या घरी त्या काळी दूरचित्रवाणीचा संच होता, आणि ज्यांच्या घरी नव्हता म्हणून जे शेजाऱ्यांकडे सतरंजीवर बसून पाहत, त्या सर्वांना तो आठवत असेल. पडद्यावर एक छायाचित्र येई. नाव, वय, उंची, वर्ण, अंगावरचे कपडे. मग दुसरे छायाचित्र. आमच्या घरी नेमकी ह्याच वेळी पाने मांडली जात. कोणी ‘अरेरे’ म्हणे, कोणी ‘परीक्षेत नापास झाला असेल’ असा तर्क लढवी, आणि भात वाढला की विषय संपे.

त्या अर्ध्या मिनिटाच्या पलीकडे एक घर आहे, हे तेव्हा कधी मनात आले नाही. ते छायाचित्र कोणी निवडले असेल? पेटीतला अल्बम काढून बसताना आईच्या हाताला काय झाले असेल? मुलीचे नाव असे चारचौघांत सांगावे की नाही, ह्यावरून त्या घरात कडाक्याचे भांडण झाले नसेल कशावरून? ती परत आली तर पुढे तिचे लग्न कसे जमणार, हा प्रश्नही कोणी ना कोणी काढलाच असेल. हरवलेल्या माणसाची दाद जगापुढे मागायची म्हणजे आधी घरातले दुःख उंबऱ्याबाहेर आणून ठेवायचे, आणि ह्या गोष्टीला घरातली सगळी माणसे एका वेळी तयार होत नाहीत.

नेमक्या ह्याच प्रश्नाला तोंड दिलेल्या एका जपानी कुटुंबाची हकिगत मी गेली काही वर्षे जमेल तशी वाचत आलो आहे. जपानात ती लहानथोरांना ठाऊक आहे. आपल्याकडे मात्र ती फारशी कोणी सविस्तर सांगितलेली नाही, म्हणून हा लेख.

शिगेरु योकोता हे जपानच्या मध्यवर्ती बँकेत, म्हणजे बँक ऑफ जपानमध्ये, नोकरीला होते. बँकेची नोकरी म्हणजे बदल्या आल्याच. १९७६ साली हिरोशिमाहून त्यांची बदली निइगाता ह्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदराच्या गावी झाली. घरात पत्नी साकिए, थोरली मुलगी मेगुमी आणि तिच्या पाठीवरचे जुळे भाऊ. मेगुमीचा जन्म १९६४ च्या ऑक्टोबरातला. गाणारी, हसरी, घर भरून टाकणारी मुलगी. वडिलांना छायाचित्रे काढण्याचा भारी नाद. १९७७ च्या एप्रिलमध्ये मेगुमी माध्यमिक शाळेत गेली. नुकतीच आजारातून उठलेली, शाळेचा प्रवेश-समारंभ चुकलेला, तेव्हा फोटो काढून घ्यायला ती नाखूषच होती. तरी वडिलांनी तिला नवा गणवेश चढवून शाळेत नेले आणि चेरीच्या फुललेल्या झाडाखाली उभे केले. हा फोटो वाचकांनी लक्षात ठेवावा. त्यात ती काहीशी रुसल्यासारखी दिसते.

त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला वडिलांचा वाढदिवस होता. मेगुमीने त्यांना एक कंगवा भेट दिला. दुसऱ्या दिवशी, १५ नोव्हेंबर १९७७ ला, ती बॅडमिंटनचा सराव आटोपून मैत्रिणींबरोबर शाळेतून निघाली. एकेक मैत्रीण आपापल्या वळणावर निरोप घेत गेली. शेवटच्या वळणापासून घर हाकेच्या अंतरावर होते. त्या वळणापासून पुढे मेगुमीला कोणी पाहिले नाही.

साकिएबाई (आपल्या रीतीने मी त्यांना असेच म्हणणार आहे) अंधार पडल्यावर शाळेकडे धावल्या. व्यायामशाळेत दिवे होते, आतून चेंडूचे आणि बोलण्याचे आवाज येत होते. पोरी अजून खेळताहेत, असे वाटून जीव भांड्यात पडला. जवळ जाऊन पाहतात तो आत गावातल्या प्रौढ बायका व्हॉलीबॉल खेळत होत्या. मुली केव्हाच गेल्या, असे पहारेकऱ्याने सांगितले. मग ह्या माउलीने नऊ वर्षांच्या दोन्ही मुलांना बरोबर घेतले आणि हातात विजेरी घेऊन समुद्रकाठच्या पाइनच्या बनात लेकीला हाका मारीत ती रात्री हिंडली. भाऊ रडत होते. पोलिसांची कुत्री आली, ती घराजवळच्या वळणापर्यंत वास काढीत गेली आणि तिथे थांबली. आपल्याकडे कोकणात माणूस असा नाहीसा झाला की चकवा लागला म्हणतात. जपानीतही ह्यासाठी ‘कामिकाकुशी’ असा जुना शब्द आहे, म्हणजे देवाने लपवून ठेवलेले माणूस. पण देवावर किंवा चकव्यावर ढकलून मोकळे होण्याचे हे दिवस नव्हते. रोज सकाळी बँकेत जाण्यापूर्वी शिगेरु किनाऱ्याने चालत जात, लाटांबरोबर काही वाहून आले आहे का ते पाहण्यासाठी.

पुढची वीस वर्षे एका ओळीत सांगण्यासारखी आहेत, कारण त्यांत काहीच घडले नाही. पण ती जगावी लागली, म्हणून दोन गोष्टी सांगतो. योकोता पतिपत्नी दूरचित्रवाणीवरच्या, आपल्या ‘आपण यांना पाहिलंत का?’ सारख्याच कार्यक्रमात जाऊन आली. १९८० च्या जानेवारीत एका वृत्तपत्रात बातमी आली, की किनाऱ्यावरून काही तरुण जोडपी नाहीशी झाली असून त्यात परदेशी हस्तकांचा हात असावा. साकिएबाई तो अंक घेऊन वृत्तपत्राच्या कचेरीत गेल्या, पोलिसांकडे गेल्या. त्यांना सांगण्यात आले, की ही सारी जोडपी आहेत, तुमची मुलगी लहान आणि एकटी होती, तेव्हा हे प्रकरण वेगळे. बरोबर उत्तर हातात धरून ती बाई दारोदार फिरली आणि रिकाम्या हाताने घरी आली. आणि १९८३ साली पुन्हा बदलीचा हुकूम आला. मराठीत आपण हरवलेल्या माणसाला ‘बेपत्ता’ म्हणतो, ज्याचा पत्ता नाही तो. परंतु अशा माणसाच्या घरच्यांना स्वतःचा पत्ता बदलण्याचीही चोरी होऊन बसते, हे मला साकिएबाईंच्या हकिगतीवरून कळले. मेगुमी परत आली आणि दाराला कुलूप दिसले तर? निइगाता सोडताना त्यांच्या जिवाची जी घालमेल झाली असेल ती सांगायला नको.

आता ह्या प्रकरणातली एक विलक्षण गोष्ट. १९८८ च्या मार्च महिन्यात जपानच्या संसदेत एका मंत्र्याने प्रश्नाला उत्तर देताना सांगितले, की किनाऱ्यावरून नाहीशा झालेल्या जोडप्यांना उत्तर कोरियाने पळवून नेले असल्याचा दाट संशय आहे. भर संसदेत, मंत्र्याच्या तोंडून! दुसऱ्या दिवशी देश हादरून जायला हवा होता. वृत्तपत्रांनी त्याची जेमतेम दखल घेतली आणि सारे पुन्हा सामसूम झाले. खरे बोलले गेले होते, जबाबदार माणसाने, योग्य जागी बोलले होते. पण त्या सत्याला चेहरा नव्हता. ‘काही जोडपी’ ह्या शब्दांसाठी कोणाच्या घशात घास अडकत नाही.

२१ जानेवारी १९९७ रोजी एका खासदाराच्या चिटणिसाने शिगेरुंना शोधून काढले. उत्तर कोरियातून पळून आलेल्या एका हस्तकाकडून फिरत फिरत अशी माहिती आली होती, की बॅडमिंटनच्या सरावाहून घरी जाणाऱ्या तेरा वर्षांच्या एका जपानी मुलीला पळवून नेले होते. गाव, काळ, वय, सारे जुळत होते. पुढे अशाच एका पळून आलेल्या हस्तकाने ऐकीव म्हणून सांगितले, की बोटीच्या तळाशी काळोख्या खोलीत ती मुलगी आईला हाका मारीत होती आणि दार ओरबाडून तिची नखे रक्ताळली होती. आपली मुलगी जिवंत असावी, ही बातमी आईबापांना अशा वेषात मिळाली.

आणि घरात तंटा उभा राहिला. खासदार हा प्रश्न संसदेत विचारणार होते, वृत्तपत्रे छापणार होती. मुलीचे नाव द्यायचे की केवळ आद्याक्षर? साकिएबाई आणि दोन्ही मुले (एव्हाना ती अठ्ठावीस वर्षांची झाली होती) निक्षून म्हणाली, नाव नको. त्यांचे म्हणणे चूक म्हणता येईल का? नाव छापून आले तर ज्यांच्या ताब्यात ती आहे ते पुरावा नष्ट करतील, म्हणजे मुलीलाच नष्ट करतील. वीस वर्षांनी जिवंत असल्याचे कळले आणि आठवड्याच्या आत आपणच तिच्या जिवावर उठायचे? शिगेरु हे स्वभावाने मृदू, घरात आवाज न चढवणारे. परंतु इथे ते ऐकेनात. त्यांचे म्हणणे असे, की ‘कुमारी य’ अशी बातमी आली तर ती अफवा ठरेल आणि आणखी वीस वर्षे अशीच जातील. खरे नाव, खरा चेहरा दिला तरच लोक मागे लागतील, आणि लोक मागे लागले तर तिला हात लावणे त्यांना अवघड जाईल. जोखीम आहे हे त्यांना दिसत होते. ३ फेब्रुवारी १९९७ ला नाव छापून आले: मेगुमी योकोता.

मी ह्या जागी पुष्कळ वेळा थांबलो आहे. मी स्वतः मुलीचा बाप आहे, आणि मला खात्रीने वाटते की मी आद्याक्षर दिले असते. मी ते शहाणपण म्हणून दिले असते आणि जन्मभर त्याला शहाणपणच म्हणत राहिलो असतो. हिशेबाने पाहिले तर दोन्ही बाजूंना सारखेच वजन होते. तराजू कोणीकडे झुकवायचा हे एका बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाने एकट्याने ठरवले आणि त्याचे ओझेही एकट्याने घेतले, कारण पुढे काही वाईट घडले असते तर ‘मी नको म्हणत होते’ हे वाक्य त्या घरात आयुष्यभर उच्चाराविना ऐकू आले असते.

मार्च १९९७ मध्ये अशा कुटुंबांनी आपला संघ स्थापन केला आणि अध्यक्षपद शिगेरुंकडे आले. मग सुरू झाले रस्त्यावरचे काम. स्टेशनाबाहेर उभे राहायचे, पत्रके वाटायची, सह्या मागायच्या. पहिल्या दिवसांत लोक बाजूने निघून जात, पुढे केलेला हात कोणी झटकूनही टाकी. ज्या बाईने आयुष्यात कधी सभेत तोंड उघडले नव्हते ती आता ध्वनिक्षेपकापुढे उभी राहून परक्या माणसांना आपल्या लेकीचे लहानपण सांगू लागली. एकदा, दोनदा नव्हे. पतिपत्नींनी मिळून देशभर १४०० हून अधिक भाषणे केली. आपल्याकडच्या कीर्तनकारालाही हा आकडा भारी पडेल, आणि कीर्तनकाराला निदान आख्यान बदलता येते. इथे आख्यान एकच, आणि त्याचा शेवट लागलेला नाही. २००० साली सरकारने उत्तर कोरियाला १ लाख टन तांदूळ देण्याचे ठरवले, तेव्हा ही म्हातारी माणसे टोकियोच्या रस्त्यावर धरणे धरून बसली. छातीवर लावायची एक निळी फीत ह्या चळवळीची खूण झाली. ह्या आणि त्या किनाऱ्याला जोडणारे दोनच दुवे उरले होते, मधला समुद्र आणि वरचे आकाश. त्या दोहोंचा तो रंग. सह्यांचा आकडा वर्षानुवर्षे वाढत २०१३ साली १ कोटीच्या पुढे गेला.

नाव दिल्याचे फळ १७ सप्टेंबर २००२ ला मिळाले, आणि ते फळ कसले म्हणावे? पंतप्रधान कोइझुमी प्योंगयांगला गेले, आणि ज्या गोष्टीचा उत्तर कोरियाने वर्षानुवर्षे साफ इन्कार केला होता ती किम जोंग-इल ह्यांनी कबूल केली. हेरांना जपानी शिकवण्यासाठी आणि जपानी माणसांच्या नावाने परदेशांत वावरण्यासाठी ही माणसे पळवली होती. १३ जणांना पळवल्याची कबुली. त्यांपैकी ५ जिवंत, ८ मृत. टोकियोत कुटुंबांना एका सरकारी वास्तूत बोलावून एकेका घराला आत घेऊन निकाल सांगण्यात आला. योकोतांना सांगितले, की आपली मुलगी मरण पावली. तिला एक मुलगी आहे.

नंतर पत्रकारांसमोर शिगेरुंना बोलताना रडू आवरेना. तेव्हा साकिएबाईंनी ध्वनिक्षेपक हाती घेतला. मेगुमीमुळे देशाला एवढी मोठी गोष्ट कळली, तिने आपल्या पावलांचे ठसे ठेवले आहेत, ह्या अर्थाचे त्या बोलल्या, आणि ती जिवंत आहे असेच मी धरून चालणार, असे सांगून बसल्या. ह्याला कोणी आईची वेडी आशा म्हणेल. पण पुढे घडले ते पाहा. उत्तर कोरियाने मृत्यूचे साल १९९३ सांगितले होते. परत आलेल्यांपैकी एकीने सांगितले की १९९४ मध्ये मी तिला पाहिले आहे. तेव्हा साल बदलून १९९४ करण्यात आले. २००४ साली तिची रक्षा म्हणून काही अस्थी धाडल्या. त्या दुसऱ्या कोणाच्या आहेत, असे जपान सरकारने डीएनए तपासणी करून जाहीर केले. जळलेल्या अस्थींवरून इतके ठामपणे सांगता येते का, अशी शंका काही शास्त्रज्ञांनी घेतली हेही नमूद केले पाहिजे. एवढे खरे, की मृत्यूचा विश्वास बसावा असा एकही कागद ह्या आईबापांच्या हाती कोणी ठेवला नाही.

१५ ऑक्टोबर २००२ ला जिवंत असलेले पाचही जण विमानातून उतरले. दुसऱ्यांची मुले. योकोता पतिपत्नी स्वागताला हजर होती. ज्या चळवळीचा चेहरा मेगुमी होती, त्या चळवळीने पाच घरांचे दिवे लावले आणि तिच्या घराचा लावला नाही.

आणि त्या घरात दुसऱ्यांदा तंटा झाला. तिकडे मेगुमीची मुलगी होती, पंधरा वर्षांची. डीएनए तपासणीत नाते निश्चित ठरले. त्याच महिन्यात ती जपानी वाहिन्यांच्या पडद्यावर दिसली, रडत होती, आजीआजोबांना भेटायला बोलवीत होती. शिगेरुंना जायचे होते. जाऊ नये तर काय करावे? नात आहे, सख्ख्या लेकीची लेक. परंतु साकिएबाई आणि मुलगे पुन्हा आडवे आले. आपण प्योंगयांगला गेलो, नातीला मांडीवर घेतले, आणि तिने तिथे शिकवलेले सांगितले की ‘आई गेली’, तर प्रकरण मिटले असा डंका पिटायला ते मोकळे. तिथे बसलेल्या नातीला आपण खोटे कसे पाडणार? ह्या वेळी शिगेरुंनी ऐकले. ते गेले नाहीत.

१९९७ मध्ये त्यांनी घरच्यांना डावलले, २००२ मध्ये घरच्यांपुढे मान तुकवली. पहिल्या वेळी लेकीसाठी, दुसऱ्या वेळीही लेकीसाठीच, आणि नातीला मुकून. बारा वर्षे ही म्हातारा-म्हातारी त्या मुलीला भेटली नाहीत. अखेर मार्च २०१४ मध्ये दोन्ही देशांबाहेर, मंगोलियाच्या उलानबातर शहरात भेट झाली. एव्हाना नात स्वतः आई झाली होती. शिगेरु त्या वेळी एक्क्याऐंशी वर्षांचे होते. तान्ही पणतीही तिथे होती.

ह्या चळवळीत मला खटकलेले एक सांगतो. कोणत्याही पक्षाचे पुढारी निळी फीत लावून ह्या म्हाताऱ्या माणसांशेजारी छायाचित्र काढून घेत आले आहेत. पंतप्रधान बदलतात, प्रत्येक जण भेटतो, आश्वासन देतो. शिवाय २००२ नंतर जपानातल्या कोरियन वंशाच्या शाळकरी मुलींना, ज्यांचा ह्या पापाशी काडीचा संबंध नव्हता, रस्त्यात छळ सोसावा लागला. कोरियावर जपानने राज्य केले तेव्हाचे हिशेब दुसरी बाजू पुढे करते ते वेगळेच. दुःख उंबऱ्याबाहेर ठेवले की ते कोण उचलील आणि कशासाठी वापरील, ह्यावर घरच्यांचा ताबा राहत नाही. आद्याक्षराच्या बाजूने साकिएबाईंच्या मनात हे मुद्दे नसतील, पण मला ते आता दिसतात.

शिगेरु ५ जून २०२० रोजी वयाच्या ८७ व्या वर्षी वारले. वाढदिवसाला मिळालेला तो कंगवा त्यांनी शेवटपर्यंत जपला, बाहेरगावी भाषणाला जातानाही तो बरोबर असे. जपान सरकारच्या यादीत पळवलेली १७ माणसे आहेत आणि १२ अजून परतलेली नाहीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये आणखी एक वृद्ध पिता, वयाच्या ९६ व्या वर्षी, गेला. न परतलेल्यांच्या आईबापांपैकी त्यानंतर एकट्या साकिएबाई उरल्या. त्या १९३६ च्या जन्मल्या. कायदा जपानात काय आणि आपल्याकडे काय, सात वर्षे वार्ता नसली तर माणूस मेलेला धरण्याची वाट मोकळी करून देतो. ती सात वर्षे १९८४ मध्येच भरली होती.

पत्रकांवर अजून तोच फोटो असतो, चेरीच्या झाडाखालचा, रुसलेला. मेगुमीच्या जन्माला २०२४ च्या ऑक्टोबरात साठ वर्षे झाली. निइगाताच्या त्या रात्री आईच्या मागे विजेरीच्या उजेडात रडत चालणाऱ्या दोन भावांपैकी एक, ताकुया, डिसेंबर २०२१ पासून कुटुंबांच्या संघाचा अध्यक्ष आहे.